परीक्षा होऊ दे

फोन एकनाथसाठी होता. तो लायब्ररीत गेला होता, म्हणून हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या झोया मावशीने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून माझ्या नावाने आरडाओरडा केला आणि मी एका पायात चप्पल अडकवून तीन मजले उतरलो. हॉस्टेलला फोन एकच. तो मावशीच्या टेबलावर असायचा आणि त्यावर कोण किती बोलतं याचा हिशेब तिच्या डोळ्यांत असायचा.

"हॅलो, एकनाथ का?"

"नाही, मी सुहास. त्याचा रूममेट. तो बाहेर गेलाय."

"बरं झालं. लय बरं झालं, बावा. मी वसंता, त्याचा काका. मेहकरहून बोलून राहिलो. तुझ्याजवळ कोणी मराठी समजणारं हाय का?"

समोर झोया मावशी मोजा विणत बसली होती. "नाही," मी म्हणालो.

"भाऊ गेले."

"कुठे?" मी विचारलं. खरंच विचारलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"एकनाथचा बाप गेला, बावा. सकाळी दुकानात मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणे आणायचीच गरज नव्हती. आताच घाटावरून आलो आम्ही."

मंगळवार होता, नऊ जानेवारी २००१. रशियातलं त्वेर नावाचं गाव, मॉस्कोपासून रेल्वेने अडीच-तीन तासांवर. आम्ही दोघं तिथे डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी वाईचा, तो बुलढाण्यातल्या मेहकरचा. देशात असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. तिथे मात्र दीड वर्ष एका खोलीत, एका कुकरवर आणि एका शब्दकोशावर काढलं होतं. एकनाथचे वडील शिंपी. पोराला रशियाला पाठवताना त्यांनी तीन पांढरे कोट शिवून दिले होते, प्रत्येकाला आतून पासपोर्टसाठी चोरखिसा आणि शिवणीत दोन बोटं माया. "अंगानं भरशील, मग उसवून घेजो," असं म्हणाले होते म्हणे. पोरगं काही भरलं नव्हतं. कोट अजून अंगावर लोंबायचे.

"त्याची हाडाची परीक्षा कधी हाय?" काकांनी विचारलं.

"अॅनाटॉमीची? अठराला."

काकांनी तोंडातल्या तोंडात दिवस मोजले. मग ते म्हणाले, "दहावाबी अठरालेच येतो."

"मग?"

"थोरला हाय तो. दहाव्याले पाहिजेच. पण परीक्षा झाल्याबिगर त्याले सांगू नको. सांगशील तर तसाच उठून निघंल. काल संध्याकाळी भाऊ एका गिऱ्हाइकाले सांगून राहिले होते, पोरगं अठराले हाडाची परीक्षा देणार म्हणून. त्यांचा जीव त्या परीक्षेत होता. आता तो आला तरी काय हाती लागणार हाय त्याच्या? वहिनीबी तेच म्हणून राहिली. परीक्षा होऊ दे, मग सांग."

"पण अठरा तर..."

"काहीतरी कर, बावा. आधी घेता येते का पाय. तू हुशार हाय, एकनाथ सांगते नेहमी."

"बरं," मी म्हणालो.

हे 'बरं' म्हणायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. आमच्या घरीही हेच होतं. दहावीला माझा भूमितीचा पेपर संपल्यावर वडील शाळेच्या फाटकाशी उसाचा रस पाजायला उभे होते, आणि रस संपल्यावर त्यांनी सांगितलं की आजोबा परवाच गेले. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. परीक्षा असलेल्या मुलाला असलं काही सांगायचं नसतं, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही.

फोन ठेवल्यावर झोया मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "घरी सगळं ठीक?"

"ठीक."

"मग तोंडाचा रंग का उडालाय?"

"थंडी," मी म्हणालो. बाहेर उणे अठरा होतं, त्यामुळे खपून गेलं.

एकनाथला ती परीक्षा नापास होऊन चालणार नव्हतं. उन्हाळ्यात तो रसायनशास्त्रात दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा कसाबसा सुटला, तेव्हा डीनच्या ऑफिसातून कागद आला होता की पुढच्या सत्रात एकही विषय राहिला तर नाव काढून टाकू. त्या कागदाचं त्याने वडिलांना कळवलं नव्हतं. त्यामुळे काकांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं कोण जाणे, पण मला सगळं माहीत होतं. परीक्षा बुडली तर पोरगा बापाविना आणि डिग्रीविना मेहकरला जाणार, आणि परीक्षेसाठी थांबला तर दहावा चुकणार. रात्रभर विचार करून मी मार्ग काढला आणि स्वतःवर खूशही झालो. काकांनी हुशार म्हटलं होतं ना.

बुधवारी सकाळी मी अॅनाटॉमीच्या विभागात गेलो. तिथल्या प्रमुख ल्युदमिला अर्काद्येव्ना. साठीच्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा. हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. फॉर्मलिनच्या वासात त्या शांतपणे चहा पीत बसल्या होत्या. माझं रशियन त्या वेळी भाजी आणण्यापुरतं आणि हाडं मोजण्यापुरतं होतं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो.

"एकनाथ बगाडेचे वडील वारले. काल. त्याला भारतात जायचंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "केवढे होते?"

"एक्कावन्न."

"अरे देवा." "जाऊ दे त्याला. आजच जाऊ दे. परीक्षा फेब्रुवारीत घेईन मी, डीनना मी सांगते."

इथे मी थांबायला हवं होतं. ज्या कुलपासाठी मी किल्ली शोधत होतो ते उघडंच होतं. पण फेब्रुवारी म्हटल्यावर माझ्या डोक्यात एवढंच आलं की मग त्याला आजच सांगावं लागणार, परीक्षेच्या आधी. आणि काकांना तर मी बरं म्हटलेलं.

"नाही," मी म्हणालो. "त्याला आधी परीक्षा द्यायचीय. मग जायचंय. शुक्रवारी सात नंबरच्या ग्रुपची आहे ना, त्यांच्यात घ्याल का?"

"हे तो म्हणतोय?"

"हो."

"आत्ता काय करतोय तो?"

"अभ्यास."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं खोटं पकडलं गेलं. पण त्यांनी डायरी ओढली आणि शुक्रवारच्या पानावर एकनाथचं नाव लिहिलं. "तू चांगला मित्र आहेस," त्या म्हणाल्या. मी अगदी हवेत तरंगत बाहेर पडलो.

'त्याला माहीत नाही' एवढं मी त्यांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते वेगळं सांगायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

एकनाथला मी थाप मारली की ऑफिसने याद्या बदलल्या, त्याचं नाव सात नंबरच्या ग्रुपमध्ये गेलंय, पेपर परवा. तो गॅसवर अंडी उकडत ठेवत होता. त्याचा हात तसाच राहिला.

"परवा? अन् तुझा?"

"माझा अठरालाच."

"माझंच नाव काऊन? मेलो ना मी! डोक्याच्या नसा बाकी हायेत सगळ्या. बाराच्या बारा! जाऊन सांगतो मी बाईले."

"जाऊ नको," मी जवळजवळ ओरडलो. "चिडलेली आहे ती. मी आत्ताच विचारून आलो. म्हणाली, यायचं नसेल तर नाव काढते."

तो मटकन खाटेवर बसला. मग उठला आणि अंडी घ्यायला वळला. सुतकातल्या माणसाला माझ्यासमोर अंडी खाऊ कशी देणार? मी पातेलं उचललं.

"आज खिचडी खाऊ."

"काऊन? आज काय उपास हाय का?"

"पोट बिघडलंय माझं."

"तुझं बिघडलं तर तू खाय ना खिचडी." पण त्याने ऐकलं. दोन्ही वेळा मुगाची खिचडी खाल्ली, तूप न घालता, कारण मी तूप लपवून ठेवलं होतं. सुतकात तूप चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं. चुकायचंच तर इकडून चुकलेलं बरं असं ठरवलं. दाढीचं मात्र मला काही करता आलं नाही. मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीतून येऊन त्याने गुळगुळीत दाढी केली होती, वर शीळ घालत, आणि मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो.

बुधवार हा त्याचा पत्राचा दिवस. वडिलांना तो दर बुधवारी पत्र लिहायचा, परीक्षा असो नसो. त्या दिवशीही जेवल्यावर त्याने निळा कागद काढला. अर्धं पान झाल्यावर म्हणाला, "परीक्षेची बारा तारीख झाली म्हणून सांगू का बाबाले? का पास झाल्यावरच सांगू?"

"तुला वाटेल तसं."

"नको. घोर लावून घेतील. निकाल लागल्यावरच सांगतो." पाकीट चिकटवून त्याने माझ्याकडे दिलं. "तू बाहेर जाऊन राहिला ना पावाले? टाकून दे."

मी पाव आणला. पेटीपाशी उभाही राहिलो. पण पत्र काही हातून सुटेना. कोटाच्या खिशात घालून परत घेऊन आलो आणि म्हणालो, टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो सातव्या नसेवर आला. कानाच्या खालून निघून चेहऱ्याचे सगळे स्नायू हलवणारी ही नस. तिला गालावर पाच फाटे फुटतात. पुस्तकातलं चित्र पाहून पाहून तो वैतागला आणि माझ्याकडे वळला.

"तुझं तोंड दे इकडं."

"कशाला?"

"पुस्तकात नाई कळत मले. दे."

त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि उजवा पंजा पसरून माझ्या गालावर ठेवला. तळवा कानापाशी, अंगठा कपाळाकडे, करंगळी मानेवर. पाच बोटं म्हणजे पाच फाटे, ही युक्ती सगळेच वापरतात. हात गार होता.

"भुवया उचल. हा पहिला. डोळे मीट घट्ट. हा दुसरा. गाल फुगव. बरोबर. आता हस."

मी हसलो.

"नीट हस ना, लेका. हे काय हसणं हाय?"

मी पुन्हा प्रयत्न केला. त्याने बोटं तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षात आम्ही इतक्या जवळून एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. उद्या सकाळी नऊ वाजता परीक्षा, म्हणजे पंधरा तास राहिले, एवढी कळ काढ, असं मी स्वतःला बजावलं.

"तुझीच सातवी नस गेलेली दिसते," एकनाथ म्हणाला आणि स्वतःच हसला. "बाईनं मले तुलेच पेशंट म्हणून द्यायले पाहिजे."

शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेलो. निघताना झोया मावशीने त्याला थांबवून पाच रुबलचं नाणं उजव्या बुटात, टाचेखाली ठेवायला लावलं. पाच म्हणजे तिकडे पैकीच्या पैकी गुण, म्हणून परीक्षेला जाताना तसं करतात. एकनाथने ते श्रद्धेने ठेवलं, वर खिशातल्या गजानन महाराजांच्या फोटोलाही हात लावला. मीच इकडे मनातल्या मनात वेळापत्रक घोकत होतो. अकरा वाजता बाहेर येईल. हॉस्टेलवर नेऊन बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं. आधी म्हणायचं, वडिलांची तब्येत बरी नाही, बोलावलंय. मॉस्कोचं विमान रात्रीचं. तिकिटाचं मी एका सीनियरकडून करून ठेवलं होतं. सगळं कसं नीट आखलेलं.

तिथली परीक्षा तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. एक उचलायची, अर्धा तास विचार करायचा आणि समोर बसून उत्तरं द्यायची. मुलं एकेक करून आत जात होती. एकनाथचा पाचवा नंबर. वडिलांनी शिवलेला कोट घालून तो आत गेला आणि दार अर्धवट उघडंच राहिलं.

मी दारातून पाहत होतो. ल्युदमिला अर्काद्येव्ना खुर्चीतून उठल्या. परीक्षेत त्या कुणासाठी उठत नसत. टेबलाला वळसा घालून त्या एकनाथसमोर आल्या आणि त्याचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. त्या हळू बोलत होत्या, पण 'वडील' हा शब्द मला बाहेर स्पष्ट ऐकू आला.

मला फक्त त्याची पाठ दिसत होती. पांढरा ढगळ कोट, पाठीवर मधोमध सरळ शिवण. ती पाठ हलली नाही. बाई बोलत राहिल्या, मग थांबल्या. एकनाथ काहीतरी म्हणाला, एखादाच शब्द. मग त्याने हात सोडवून घेतला, टेबलाकडे गेला आणि एक चिठ्ठी उचलली. कोणीतरी आतून दार लावलं.

कॉरिडॉरमध्ये सांगाड्याच्या काचेच्या कपाटाला टेकून मी खालीच बसलो. आता तो उठून बाहेर येईल. आता रडण्याचा आवाज येईल. आता कोणीतरी मला आत बोलावेल. काहीच झालं नाही. मुलं येत होती, जात होती. सव्वाअकराला दार उघडलं आणि एकनाथ बाहेर आला. त्याच्या हातात गुणांची छोटी निळी वही होती. ती त्याने उघडून माझ्यासमोर धरली.

"चार," तो म्हणाला. पाचपैकी चार. आमच्या ग्रुपमध्ये एवढे चौघांना तरी पडतील की नाही शंका होती.

मी कपाटाला धरून उठलो.

"बाबा कधी गेले?"

"मंगळवारी. सकाळी."

"आज शुक्रवार हाय." तो अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागला. "मंगळवारी मी दाढी केली."

"हो."

"खिचडी त्याच्यासाठी होती."

"हो."

"अन् काल, तुझ्या गालाले हात लावला तवा तुले माहीत होतं."

"हो," मी म्हणालो. "काकांनी सांगितलं होतं रे, परीक्षा होऊ दे म्हणून. तुझ्या आईनेही..."

"समजलं," तो म्हणाला. "मी काकाच्या जागी असतो तर मीबी तेच सांगितलं असतं."

हे ऐकून मला जरा धीर आला. मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"म्हणे ऐकून वाईट वाटलं. म्हणे फेब्रुवारीत ये म्हटलं होतं मी, पण तूच आता देतो म्हटलं. म्हणे असा विद्यार्थी पाहिला नाई." त्याने वही बंद केली. "फेब्रुवारीत देता येत होती, सुहास?"

"हो."

"तू नाई म्हटलं."

"हो."

"मग... तू त्यांना सांगितलंस?" मीच पुढे विचारलं. "की तुला माहीत नव्हतं?"

"काय सांगू? माझा बाप मेला अन् माझ्या घरच्यायनं, माझ्या दोस्तानं मले सांगितलं नाई, हे परक्या बाईले सांगू? भरल्या खोलीत?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "थँक्यू म्हटलं मी. स्पसीबा. अन् चिठ्ठी उचलली. काय बोललो ते मले आठवतबी नाई. खांद्याचा सांधा होता, प्लीहा होती, तिसरं काय होतं देव जाणे. मी तोंड हलवून राहिलो होतो अन् ती नुसती मान डोलवून राहिली होती. सांग ना तू आता. हे चार माझे हायेत का बाबाच्या मरणाचे?"

ज्या परीक्षेसाठी त्याच्यापासून बाप लपवला, ती परीक्षाही आम्ही त्याच्याजवळ राहू दिली नाही. हे मला तिथेच, त्या कपाटापाशी कळलं. पण म्हणालो एवढंच, "चल, विमान आहे."

खोलीवर येऊन त्याने बॅग भरली. मी खिशातलं निळं पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं.

"टाकलं नाई?"

"कुणाला टाकू?"

त्याने पाकीट घेतलं, कोटाचा चोरखिसा उघडला आणि पासपोर्टच्या मागे सारलं. कोट काही त्याने काढला नाही. त्यावरूनच जाड जाकीट चढवलं.

झोया मावशीला मी येतानाच सांगितलं होतं. ती टेबलामागून उठून दारात आडवी उभी राहिली. "असं नाही जायचं. आधी बस."

प्रवासाला निघताना तिकडे सगळे घटकाभर गप्प बसतात, जाणारे आणि राहणारेही. एकनाथ बॅगेवर बसला. मावशी तिच्या स्टुलावर, मी जिन्याच्या पायरीवर. कोणी बोलायचं नाही. मंगळवारपासून मी इतकं बोललो होतो, तऱ्हेतऱ्हेचं, आणि त्याला कोणी गप्प बसायची संधीच दिली नव्हती. अर्धं मिनिट गेलं असेल. एकनाथने बूट काढला, टाचेखालचं नाणं काढून तळहातावर घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मग तो रडायला लागला. मावशीने त्याला थोपटलं नाही, उगी म्हटलं नाही. ती तशीच बसून राहिली. आमची स्टेशनची बस गेली. पुढची वीस मिनिटांनी होती.

तो दहाव्याला पोचला. फेब्रुवारीत परत आला तेव्हा टोपीखाली डोक्यावर अर्धा इंच केस होते. माझ्यासाठी आईने दिलेला चिवडा आणला आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. "तिकडं हिटर चांगला हाय," म्हणाला. मार्चमध्ये वर्गात पुन्हा शेजारी बसू लागला, मे महिन्यात कुकर न्यायला आला तो बरोबर माझी खाटही वर आपल्या खोलीत घेऊन गेला, तिच्यामागोमाग मीही गेलो. त्या शुक्रवारबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही नाही. हिंमत नव्हती.

पाच वर्षांनी आम्ही दोघं दिल्लीत होतो. परदेशातून शिकून आलेल्यांना इथे प्रॅक्टिस करायची तर एक परीक्षा द्यावी लागते. एकनाथ पहिल्या फटक्यात सुटला आणि तिथल्याच एका इस्पितळात लागला. मी दोनदा नापास झालो होतो. हा हुशारीचा उलगडा काकांना कोणी कळवू नये एवढीच इच्छा होती. तिसऱ्या वेळी त्याच्याच खोलीत राहून अभ्यास करत होतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आरशासमोर उभा राहून दाढी करत होतो. एकनाथ हातात मोबाइल घेऊन गॅलरीतून आत आला.

"सुहास, बस."

"उशीर होईल रे."

"आधी बस."

मी तोंडाला फेस तसाच ठेवून खाटेवर बसलो.

"तुझी आई गेली," एकनाथ म्हणाला. "पहाटं, झोपेत. तुझ्या दादाचा फोन होता."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याने नजर वळवली नाही.

"दादा म्हणाला?" मी विचारलं. "मला सांग म्हणून?"

"नाई. परीक्षा होऊ दे म्हणाला." मग तो समोरच्या खाटेवर बसला. "नऊले पेपर हाय. पावणेदहाले पुण्याचं विमान हाय. ते गाठलं तर दुपारपर्यंत वाईले पोचशील, तोवर थांबतील ते, मी बोलतो दादाशी. दोन्ही नाई होणार. काय करायचं ते तू ठरव. जे म्हणशील त्याले मी हाय."

मी ठरवलं. आईला मी पाहिलं, तिचा हात हातात घेतला. गार होता, पण हाती लागला. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा दिली आणि सुटलो. किती गुण पडले ते माझे मला माहीत आहेत.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी तोंड धुतलं, कपडे केले. एकनाथने माझी बॅग भरली. मी दाराकडे निघालो तर त्याने हाताने थांबवलं आणि खाटेकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. कोणी काही बोललं नाही. मी रडलो, तो बसून राहिला. माझं झाल्यावर तो उठला आणि बॅग त्यानेच उचलली.